65 पराभवांना पाचवा नंबर आणि 97 विजयांना घरचा रस्ता: हा कसला न्याय?

मिलवॉकीकर:
खेळ दोन, पण माझं दुखणं एकच. 2024-25 च्या मोसमात युटा जॅझ 82 पैकी 65 सामने हरले. एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये, याहून वाईट कुणाचंच नव्हतं. ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची क्रमाने निवड, असतो दुबळ्या संघाला हात देण्यासाठी. पण निवडीचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत, म्हणजे लॉटरीत, युटा पाचव्या नंबरवर घसरला आणि सगळ्यांना हवा असलेला नवा खेळाडू कूपर फ्लॅग मिळाला डॅलसला, ज्यांची शक्यता होती 1.8 टक्के. हजारात अठरा! तीनच महिन्यांपूर्वी याच डॅलसने लुका डॉन्चिचसारखा हिरा लेकर्सला देऊन टाकला होता.

आता बेसबॉल. माझे मिलवॉकी ब्रूअर्स 2025 मध्ये 97 सामने जिंकले, मेजर लीगमध्ये सर्वांत जास्त. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सशी सहा वेळा भिडले, सहाही वेळा जिंकले. त्या जोरावर मी ठणकावून सांगितलं होतं की प्लेऑफमध्येही आपणच. झालं काय? त्याच डॉजर्सकडून 4-0, सरळ बाहेर. मग प्लेऑफआधीचे 162 सामने कशासाठी खेळायचे?

माझं म्हणणं स्पष्ट आहे. लॉटरी बंद करा, शेवटून क्रमाने निवड द्या. आणि बेसबॉलमध्ये अव्वल संघाला आयपीएलसारखी हरल्यावर आणखी एक संधी द्या.

कोपऱ्यातला_थ्री:
लॉटरी बंद केली तर मोसम संपत आला की, मार्चपासून, अर्धी लीग हरण्यासाठीच मैदानात उतरेल. तुमच्या याच युटाला आपला चांगला खेळाडू लॉरी मार्कानेनला बसवून ठेवल्याबद्दल लीगने 1,00,000 डॉलर दंड केला होता, तोही लॉटरी असताना. क्रम पक्का असता तर काय केलं असतं? पूर्वी शेवटच्या संघाला पहिल्या निवडीची 25 टक्के शक्यता असायची. 2019 मध्ये तळाच्या तिघांना प्रत्येकी 14 टक्के केली, ते याच रोगावर औषध म्हणून.

आणि पहिला नंबर म्हणजे सोन्याची खाण नव्हे. निकोला योकिचसारखा दिग्गज 2014 मध्ये 41 वा निवडला गेला. 1984 मध्ये पोर्टलंडने दुसऱ्या नंबरवर सॅम बोवी घेतला आणि मायकेल जॉर्डन शिकागोला सोडला. चूक निवडणाऱ्याची होती, नंबरची नाही.

मिलवॉकीकर:
योकिच अपवाद आहे, त्यावर नियम बांधता येत नाही. मुद्दाम हरण्याची भीती असेल तर तीन मोसमांचे निकाल एकत्र धरा. सलग तीन वर्षं कोण स्वतःच्या प्रेक्षकांशी असं वागेल?

कोपऱ्यातला_थ्री:
फिलाडेल्फियाचा बास्केटबॉल संघ वागला की! 2013-14 ला 19 विजय, मग 18, मग 10. ठरवून. ज्यांनी तीन वर्षं तिकिटं काढली त्यांना विचारा.

अमरावतीची_पिचर:
ड्राफ्टचं तुम्ही दोघं बघा. मी शाळेपासून सॉफ्टबॉलमध्ये पिचिंग, म्हणजे चेंडू टाकायचं काम, केलंय, त्यामुळे बेसबॉलबद्दल गप्प बसवत नाही. मिलवॉकीकर, तुमचा संघ नशिबाने हरला नाही हो. चार सामन्यांत त्यांच्या धावा किती? चार. रोज एक! डॉजर्सचा पिचर ब्लेक स्नेलने नऊपैकी आठ इनिंग्ज टाकल्या, एकच हिट (यशस्वी फटका) दिला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच यामामोतोने नऊच्या नऊ टाकल्या. चौथ्या सामन्यात ओहतानीने दहा जणांना स्ट्राइक-आऊट, म्हणजे चेंडू टाकूनच बाद, केलं आणि स्वतः तीन होमरन (आपल्या सिक्सरसारखे) मारले.

जुलैत तुम्ही सहा सामने जिंकलात तेव्हा स्नेल जखमी होता. ओहतानीने तुमच्याविरुद्ध पिचिंग केलंच नव्हतं. उन्हाळ्यात जवळजवळ रोज सामना, त्यामुळे पाच-सहा पिचर आळीपाळीने टाकतात आणि ज्याच्याकडे चांगले पिचर जास्त तो संघ जिंकतो. ऑक्टोबरमध्ये मध्ये सुट्या मिळतात, मग तीन-चार जबरदस्त हात पुरतात. भाकीत करताना विजय मोजायचे नसतात, कुणाचा हात शाबूत आहे ते बघायचं असतं.

मिलवॉकीकर:
यामामोतोला आम्ही जुलैत पहिल्याच इनिंगमध्ये, दोनच आऊट झाले असताना, पाच धावा ठोकून परत पाठवलं होतं. तोच हात, तोच माणूस. पण स्नेलचा मुद्दा मान्य, तो मी धरलाच नव्हता.

टोरंटोची_मावशी:
ताई, नशीब नसतं असं आमच्या घरात येऊन सांगू नका. वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम फेरीच्या, सात सामन्यांत आमच्या टोरंटो ब्लू जेजच्या धावा 34, डॉजर्सच्या 26. तरी ट्रॉफी त्यांची. सहाव्या सामन्यात नवव्या इनिंगला आमचा फटका भिंतीच्या गादीखाली जाऊन रुतला, चेंडू मृत ठरला, धाव पूर्ण करू शकणारा धावपटू एक टप्पा आधी, तिसऱ्या बेसवर थांबला. सातव्यात आणखी दोन आऊट मिळाले असते तर आम्ही जिंकलो होतो. तेवढ्यात डॉजर्सच्या मिगेल रोहासने होमरन मारून बरोबरी केली. अकराव्या इनिंगमध्ये आम्ही 5-4 हरलो. माझा मुलगा रात्रभर झोपला नाही. कुठल्या पिचरचा हात बघून हे सांगता आलं असतं?

अमरावतीची_पिचर:
मावशी, त्या गादीचं मलाही वाईट वाटलं, खरंच. पण सहाव्या सामन्यात सहा इनिंग्ज टाकलेला यामामोतो दुसऱ्याच दिवशी पुन्हा उभा राहिला आणि शेवटचे आठ आऊट त्यानेच काढले. एक दिवसही विश्रांती नाही. पिचिंगनंतर खांदा कसा ठणकतो हे मला माहीत आहे, सकाळी वेणी घालायलाही हात वर जात नाही. त्या विजयाला मी नशीब म्हणणार नाही.

मिलवॉकीकर:
ठीक. बेसबॉलमधली दुसऱ्या संधीची मागणी मी मागे घेतो. पण हजारात अठरावाल्याला फ्लॅग आणि 65 वेळा हरलेल्याला पाचवा नंबर, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. यामामोतोने खांदा झिजवला. डॅलसने त्या दिवशी काय झिजवलं?