लिव्हर-ॲक्शन रायफल आणि घरी ओतलेली शिशाची गोळी

रानवाट: .३०-३० हे काडतूस १८९५ मध्ये विंचेस्टर १८९४ या लिव्हर-ॲक्शन (चापाखालची कडी खाली-वर करून काडतूस भरायच्या) रायफलीसाठी आले आणि अमेरिकेत हरणाच्या शिकारीला ते आजही वापरले जाते. माझ्या मते या रायफलीसाठी घरी शिसे वितळवून गोळ्या ओतणे आणि रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरणे ही केवळ काटकसर नव्हे. तिची काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक राहतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे बुडातल्या स्फोटक टिकलीवर, टेकली, तर धक्क्याने ते आतच उडण्याचा धोका असतो. म्हणून येथे चपट्या तोंडाची गोळी लागते आणि ओतीव शिशात ती सहज साधते. बाजारी काडतुसाचा सेकंदाला सुमारे २,२०० फुटांचा वेग तिला पेलत नाही, हे खरे. पण दाट रानात नेम जवळचाच असल्याने त्यावाचून अडत नाही.

गिधाडमित्र: रचनेबद्दल वाद नाही, परंतु शिकारी रानात टाकून येतो त्या कोथळ्याचे, त्यात राहिलेल्या शिशाच्या तुकड्यांचे काय? १९८२ मध्ये कॅलिफोर्निया कोंडोर हे अमेरिकेतले मोठे गिधाड अवघे २२ उरले होते आणि रानात सोडलेल्या कोंडोरांच्या मृत्यूचे प्रमुख कारण आजही शिशाची विषबाधाच आहे. त्यामुळेच कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून तेथे शिकारीत शिशाची गोळी पूर्णपणे बंद झाली. गुरांना दिल्या गेलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे आपल्याकडची गिधाडे कशी संपत गेली, हे पाहिलेल्या मराठी वाचकाला मेलेल्या जनावरातून विष पक्ष्यात कसे जाते, ते वेगळे सांगायला नको.

रानवाट: आपण सर्व शिसे एकाच मापाने मोजत आहात. ज्यांचे बारीक तुकडे मांसभर विखुरतात, त्या मुख्यतः पातळ तांब्याच्या आवरणातल्या, वेगवान, मऊ शिशाच्या गोळ्या असतात. ९० टक्के शिसे, ५ टक्के कथील आणि ५ टक्के अँटिमनी यांच्या मिश्रणाची कठीणता ब्रिनेल मापाने सुमारे १५ भरते, शुद्ध शिशाची जेमतेम ५. अशी कठीण, संथ गोळी बहुधा अखंड आरपार जाते.

गिधाडमित्र: पेच नेमका तेथेच आहे. जी फुटत नाही, ती पसरतही नाही; जखम अरुंद होते आणि जखमी हरीण दूरवर निघून जाऊ शकते. पसरावी म्हणून शिसे मऊ ठेवले, तर तुकड्यांची आणि नळीत शिसे चिकटण्याची भीती पुन्हा उभी राहते.

रानवाट: नळीत शिसे चिकटते ते बहुतेक वेळा गोळी सैल बसल्यामुळे. नळीच्या आतल्या पिळदार खोबणींत मोजलेला व्यास .३०८ इंच असेल, तर गोळी .३०९ किंवा .३१० ठेवावी आणि बुडाला तांब्याची टोपी, म्हणजे गॅस चेक, बसवावी. राहिली जखम, तोंड पुरेसे रुंद आणि चपटे असले, तर गोळी न पसरताही काम करते, मात्र नेम खांद्यावरच हवा.

गिधाडमित्र: खांद्यावरचा नेम दर वेळी साधतोच असे नाही. .३०-३० साठी चपट्या किंवा मऊ टोकाच्या तांब्याच्या गोळ्या मिळतात, त्या महाग असल्या तरी एका हरणाला लागतात किती? ओतीव शिसे चांदमारीपुरते ठेवावे, तेही वितळवण्याचे काम घराबाहेर, मोकळ्या हवेत आणि मुलांपासून दूर करून.