सांगलीत लहान मुलांना घेऊन कमी खर्चात कुठे जावे?

विश्रामबागेतील आई
माझी मुलगी सहा वर्षांची आहे आणि मुलगा तीन वर्षांचा. दर रविवारी तिकिटाच्या खेळघरात किंवा हॉटेलात गेल्यास महिन्याचे अंदाजपत्रक कोलमडते, आणि घरी थांबल्यास दोघेही मोबाइल मागत राहतात. सासूबाई सोबत असतात, त्यांना फार चढउतार जमत नाही. दोन-तीन तास मुलांचे मन रमेल अशी ठिकाणे कृपया सुचवावीत.

गावभागातील आजोबा
ताई, मी नातवंडांना सकाळी गणपती मंदिरात नेतो आणि तेथून कृष्णेच्या घाटावर जातो. आपल्या सासूबाईंना मंदिराच्या आवारात निवांत बसता येईल. घाटावरून मुलीला आयर्विन पूल अवश्य दाखवावा. हा पूल 1929 सालचा असून नदीची पातळी याच पुलापाशी मोजतात. 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका मानतात. 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांच्याही वर गेले होते, म्हणजे धोक्याच्या पातळीवर आणखी बारा फूट, घरातल्या एका खोलीच्या उंचीपेक्षाही जास्त, असे मी नातीला समजावले तेव्हा ती घरी येऊन छताकडे बराच वेळ पाहत राहिली.

नदीकाठचा शिक्षक
आजोबांचे म्हणणे योग्यच आहे, मात्र एक गोष्ट आग्रहाने सांगतो: मुलांना पाण्यात पाय सोडून बसू देऊ नये. आपल्या भागातील कृष्णेत मगरी आहेत. मगरीच्या शरीराचे तापमान बाहेरच्या तापमानावर अवलंबून असल्यामुळे हिवाळ्यात ऊब घेण्यासाठी ती काठावर उन्हात पडून राहते, हे मुलांना वरून, सुरक्षित अंतरावरूनच सांगावे. संध्याकाळी हरिपूरलाही जावे. तेथे संगमेश्वराच्या देवळाजवळ वारणा कृष्णेला मिळते. हळद साठवण्याच्या जमिनीखालील पेवांसाठीही हे गाव ओळखले जाई. 2005 च्या पुरानंतर त्यांचा वापर जवळजवळ संपला. जमिनीच्या पोटात हळद ठेवत असत, हे ऐकताच लहान मुलांचे प्रश्न थांबत नाहीत.

मिरजकर
पावसाळ्यात नदीकडे न जाता मिरजेला यावे. एसटीत पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट असते. सतारमेकर गल्लीत वाळलेल्या भोपळ्यापासून तंबोरा कसा आकाराला येतो, हे मुलांना डोळ्यांनी पाहता येते. येथील सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दुकानात आधी परवानगी मागावी, शक्यतो सकाळी जावे, आणि मुलांनी वाद्याला हात लावण्यापूर्वी कारागिरांना विचारावे, कारण तेथे त्यांचे पोटापाण्याचे काम चाललेले असते.

विश्रामबागेतील आई
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. काल आम्ही मिरजेला जाऊन आलो. एका कारागिरांनी रिकामा भोपळा मुलाच्या कानाजवळ धरून त्यावर बोटाने हलकेच टिचकी मारली, तेव्हा तो दचकला आणि लगेच "पुन्हा" म्हणाला. परतताना मुलीने भाजीवाल्याच्या टोपलीतील दुधी भोपळाही वाजवून पाहिला. तिघांचे जाणे-येणे आणि चहा-बिस्किटे एवढाच खर्च झाला. पुढच्या रविवारी हरिपूर ठरवले आहे. संगमाजवळ सासूबाईंना बसण्यासाठी सावली कोणत्या बाजूला मिळेल, हे कोणी सांगितल्यास सोयीचे होईल.