एलीया, एलियाहू, इलियास : नाव एक, माणसं किती?

शब्दवेल्हाळ
मराठी बायबलात 'एलीया', बेने इस्राएल (कोकणातल्या यहुदी) घरांत 'एलियाहू हनबी', कुराणात 'इल्यास', इंग्रजीत 'इलायजा'. हे सगळं एकच नाव का? अर्थाचाही घोळ आहे. बाळाच्या नावांच्या एका यादीत 'बलवान प्रभू' दिलंय, दुसरीत 'सूर्यासारखा', तिसरीत 'उंचावलेला'. आणि शास्त्रात या नावाचा संदेष्टा सोडून आणखी कोणी आहे का?

अलेफबेथ
नाव एकच. दिलेले तिन्ही अर्थ चूक.

हिब्रूत पाच अक्षरं : अलेफ, लामेद, योद, हे, वाव. फोड अशी : 'एल' म्हणजे देव, 'एली' म्हणजे माझा देव आणि 'याहू' (किंवा 'याह') हे इस्राएलच्या देवाच्या चार अक्षरी नावाचं आखूड रूप. त्यामुळे हा शब्द विशेषण नाही, पूर्ण वाक्य आहे : 'याह माझा देव आहे'. हिब्रूत वर्तमानकाळात 'आहे' लिहीत नाहीत, म्हणून दोन नामं शेजारी ठेवली की वाक्य पुरं होतं. मधल्या 'ई'ला काही अभ्यासक 'माझा' न मानता नुसता जोडस्वर मानतात. तसं धरलं तर अर्थ 'याह देव आहे' एवढाच उरतो. परंपरेने पहिलाच अर्थ चालत आलाय.

उच्चारात योद दुहेरी आहे, म्हणजे काटेकोर लिहायचं तर 'एलिय्याहू', आणि आघात 'या'वर. मराठी बायबलाने तो जोर 'ली' दीर्घ करून भरून काढलेला दिसतो.

शेवटचं 'या' मराठी वाचकाच्या ओळखीचं आहे. 'हालेलूया'तलं 'या' तेच : हालेलू, म्हणजे स्तुती करा, कोणाची, तर याहची. इंग्रजीतला 'ज' फक्त लिपीच्या वळणातून आला. मूळ उच्चारात 'ज' कुठेही नाही.

तळटीप
चुकीचे अर्थ कुठून आले तेही सांगायला हवं, नाहीतर ते याद्यांमधून फिरतच राहतील.

'सूर्यासारखा' हा ग्रीकचा प्रताप. नव्या करारात नाव 'एलियास' होतं, शेवटचा 'स' हा पुल्लिंगी प्रत्यय. ग्रीकमध्ये सूर्य म्हणजे 'हेलिओस'. कानाला जवळ, व्युत्पत्तीने काहीच नातं नाही.

'उंचावलेला' हा एलीचा अर्थ चुकून इकडे चिकटलाय. एली म्हणजे शमुवेलाला वाढवणारा शिलोचा याजक. त्याचं नाव 'अयिन' अक्षराने सुरू होतं, 'अलेफ'ने नाही. मराठीत दोन्ही 'ए'च होतात, म्हणून 'एली' आणि एलीयातलं 'एली' एकच वाटतं. 'बलवान प्रभू' कसं आलं? 'एल'च्या मुळाशी बळाचा अर्थ असल्याचं मत आहे, आणि यादीवाल्याने ते मूळच अर्थ म्हणून छापलं.

शब्दवेल्हाळ
मग 'योएल' आणि 'अलीशा'? तेही याच घरातले वाटतात.

अलेफबेथ
योएल म्हणजे हेच नाव उलटं : 'यो' (याहचंच रूप) अधिक 'एल', 'याह देव आहे'. अलीशाचा पूर्वार्ध तोच, उत्तरार्ध वेगळा : 'माझा देव तारण आहे'. एलीयानंतर अलीशा आला, दोघांची नावं सारखी, म्हणून वाचणारे अडखळतात. एक खूण लक्षात ठेवा : शेवटी 'या' तो गुरू, शेवटी 'शा' तो शिष्य.

खरा चकवा मात्र 'अलीहू'चा. अर्थ 'तो माझा देव आहे'. हे नाव कधी शेवटी अलेफ घालून लिहितात, कधी न घालता. ईयोब ३२:४ मध्ये आणि १ इतिहास २७:१८ मध्ये अलेफ नाही. तिथे स्वरचिन्हं काढली तर उरतात तीच पाच अक्षरं : अलेफ, लामेद, योद, हे, वाव. म्हणजे बिनमात्रांच्या मजकुरात 'अलीहू' आणि 'एलियाहू' डोळ्यांना एकच. फरक फक्त स्वरचिन्हं करतात. एखाद्या जुन्या शिलालेखावर वा मुद्रेवर हीच पाच अक्षरं दिसली, तर छातीठोकपणे 'एलियाहू' वाचू नये.

जुनी प्रत
आता माणसं. इब्री (हिब्रू) शास्त्रात, म्हणजे जुन्या करारात, या नावाचे चौघे.

पहिला अर्थातच संदेष्टा, १ राजे १७ पासून २ राजे २ पर्यंत. इ.स.पू. नववं शतक, इस्राएलचं उत्तरेचं राज्य, राजा अहाब आणि त्याची परकी राणी ईजबेल. लक्षात घ्या, याच्या बापाचं नाव कुठेच नाही. एरवी 'अमक्याचा पुत्र' असं येतं. इथे थेट 'तिश्बी', गिलादातला.

दुसरा १ इतिहास ८:२७. बन्यामिनी वंशातल्या यरोहामाचा मुलगा, यरुशलेमेत राहणाऱ्या घराण्यांच्या प्रमुखांपैकी. तिसरा एज्रा १०:२१, हारीमाच्या वंशातला याजक. चौथा एज्रा १०:२६, एलामाच्या वंशातला, याजक नसलेला. शेवटचे दोघे बाबेलच्या बंदिवासानंतरचे, आणि दोघेही एकाच यादीत आहेत : परक्या बायका केलेल्यांच्या. परक्या राणीच्या दैवताशी आयुष्यभर झुंजलेल्या माणसाचं नाव त्या यादीत दोनदा यावं, हे वाचताना थबकायला होतं. अर्थात या दोघांची नावं त्यांच्या आईबापांनी ठेवली, सोयरिकी त्यांनी स्वतः केल्या.

२ इतिहास २१:१२ मध्ये यहूदाच्या (दक्षिणेच्या राज्याच्या) यहोराम राजाला एलीयाचं पत्र येतं, त्यावरून पाचवा माणूस मोजू नका. ग्रंथात तो संदेष्टा म्हणूनच आला आहे.

शब्दवेल्हाळ
हे चौघे वेगळे कशावरून? निदान बन्यामिनी आणि संदेष्टा एकच असू शकतील की.

जुनी प्रत
ही शंका तुमच्या आधी रब्बींना, म्हणजे यहुदी धर्मपंडितांना, आली होती. बरेशीथ रब्बा या मिद्राशात (शास्त्रावरच्या रब्बींच्या विवेचनग्रंथात) संदेष्ट्याच्या वंशावर वाद आहे. एक बाजू गादाचा वंश म्हणते, कारण गिलाद. दुसरी बाजू बन्यामीन म्हणते आणि पुरावा म्हणून नेमकं १ इतिहास ८:२७ पुढे करते. गादवाल्यांचं उत्तर मजेदार आहे. ते त्या ओवीतल्या तिन्ही भावांची नावं, यारेश्या, एलीया, जिख्री, माणसांची नावं म्हणून वाचतच नाहीत. 'यारेश्या'त त्यांना 'राअश', म्हणजे हादरा, ऐकू येतो आणि 'जिख्री'त 'जेखेर', म्हणजे स्मरण : देव जगाला हादरवू पाहतो तेव्हा एलीया पूर्वजांच्या पुण्याचं स्मरण करून देतो. व्युत्पत्ती म्हणून हे टिकणार नाही, पण नावाला वाक्य मानायची सवय किती खोल होती ते कळतं.

साधं वाचन केलं तर मात्र दोघे वेगळेच. एक यरुशलेमेतला घराणेदार, दुसरा यार्देनेपलीकडचा, बापाचं नाव नसलेला.

अलेफबेथ
हिज्जेही मदत करतात, पण एका मर्यादेपर्यंत. नावाची दोन रूपं आहेत : लांब 'एलियाहू' आणि वाव नसलेलं आखूड 'एलिया'. इतर तिघांची नावं आखूड. संदेष्ट्याचं बहुतेक सगळीकडे लांब, मात्र पाच ठिकाणी आखूड : २ राजे १ मधल्या ३, ४, ८ आणि १२ या ओव्या, आणि मलाखीच्या शेवटी. (मलाखीचा संदर्भ शोधताना फसगत होते. हिब्रू छापील प्रतीत तो ३:२३, मराठी बायबलात ४:५. अध्यायांची तोड वेगळी आहे, मजकूर तोच.) म्हणजे 'लांब तो संदेष्टा' हे बरोबर, पण 'आखूड तो दुसरा कोणी' हे चूक. २ राजे १ मध्येच दहाव्या ओवीत लांब आणि बाराव्यात आखूड आहे, माणूस तोच.

या पाच गाळलेल्या वावांवर राशी या भाष्यकाराने लेवीय २६:४२ वर लिहिताना एक परंपरा दिली आहे. 'याकोब' हे नाव शास्त्रात पाच ठिकाणी जादा वाव घालून लिहिलंय, 'एलिया' पाच ठिकाणी वाव गाळून. म्हणजे याकोबाने एलीयाकडून ते अक्षर गहाण म्हणून ठेवून घेतलं : माझ्या लेकरांच्या सुटकेची बातमी घेऊन ये, मग अक्षर ने. हिशेब पाचाला पाच जुळतो.

तळटीप
हिज्जांत काळ आणि प्रदेशही बोलतो. यहूदाकडच्या बंदिवासापूर्वीच्या लेखांत, उदाहरणार्थ १९३५ पासून सापडलेल्या लाखीशच्या खापरांवर, नावांच्या शेवटी 'याहू' आहे. १९१० मध्ये शोमरोनला सापडलेल्या खापरांवर, म्हणजे उत्तरेच्या राज्यात, तेच 'यो' किंवा 'याव' असं दोन अक्षरांत येतं. बंदिवासानंतर 'या' वाढतं. एज्रातले दोघे आखूड का, ते यावरून कळतं. संदेष्टा मात्र उत्तरेचा. त्याच्या गावची माणसं त्याला ज्या रूपात हाक मारत असतील ते आपल्या ग्रंथातल्या रूपाहून वेगळं असणं शक्य आहे. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो यहूदाच्या लेखणीतून.

आणखी एक. नावात 'याह' आहे म्हणून माणूस याहचा भक्त, असं समीकरण मांडू नये. बआलाला, म्हणजे राणीच्या दैवताला, वेदी बांधणाऱ्या अहाबाच्या मुलांची नावं अहज्या आणि यहोराम. दोन्हींत याहच.

जुनी प्रत
नावाचा अर्थ कथेत कुठे वापरलाय ते सांगितल्याशिवाय चर्चा अर्धी राहील. १ राजे १८ उघडा. ओबद्या राजाच्या घरचा कारभारी. त्याला एलीया सांगतो, जा, धन्याला सांग : 'हिन्ने एलियाहू'. म्हणजे 'एलीया आलाय'. पण हिब्रू कानाला त्याच दोन शब्दांत 'पाहा, याह माझा देव आहे' हेही ऐकू येतं. ओबद्या घाबरतो आणि तेच शब्द ११ आणि १४ या ओव्यांत परत उच्चारतो : हे सांगितलं तर राजा मला मारील! बआलाच्या दरबारात ही बातमी देणं आणि ही कबुली देणं एकच झालं.

मग कर्मेल डोंगरावर अग्नी पडतो आणि ३९ व्या ओवीत लोक दोनदा ओरडतात की परमेश्वर हाच देव. संदेष्ट्याचं नावच जमावाच्या तोंडी आलं. योम किप्पूरच्या (यहुदी प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या) अखेरच्या प्रार्थनेत हेच वाक्य सात वेळा म्हणतात. मराठीत हा दुवा तुटतो, कारण देवाच्या नावाच्या जागी 'परमेश्वर' आहे. 'परमेश्वर हाच देव' वाचताना 'एलीया' आठवायला काही कारणच उरत नाही. तळटीप देऊन ही उणीव भरून काढता येईल, भाषांतरात नाही.

उलट बाजूचं उदाहरण मत्तय २७:४६-४७. वधस्तंभावरून येशूची 'एली, एली' अशी हाक येते आणि उभे असलेले काही जण म्हणतात, हा एलीयाला बोलावतोय. मार्कात हाक 'एलोई' आहे. ऐकण्यातली चूक 'एली'वरून जास्त पटते.

खाडीकिनारा
कोकणातल्या वापराबद्दल थोडं. बेने इस्राएल 'एलियाहू हनबी' म्हणतात त्यातलं 'हनबी' हे आडनाव नव्हे. 'ह' हे हिब्रू निश्चयवाचक उपपद, 'नबी' म्हणजे संदेष्टा. आजच्या इस्रायली उच्चारात 'हनावी', इथे 'ब' राहिला. 'हातिश्बी' आणि 'हागिलादी' ही बिरुदंही त्याच घडणीची. म्हणून 'श्री. हनबी' असं लिहिलेलं दिसलं तर हसू आवरा आणि दुरुस्त करा.

नवस फेडताना किंवा शुभकार्यात मलिदा करतात : पोहे, ओलं खोबरं, साखर, सुकामेवा, सोबत फळं. त्या वेळी याच नावाने आळवणी होते. अलिबागजवळच्या खंडाळा गावात (लोणावळ्याचं खंडाळा नव्हे) एक खडक आहे, त्याला 'एलियाहू हनबीचा टापा' म्हणतात. खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या मानल्या जातात. 'टाप' म्हणजे घोड्याचं खूर. २ राजे २:११ मध्ये अग्निरथ आणि अग्नीचे घोडे आहेतच, तेव्हा शब्द नेमका जागेवर बसलाय.

शब्दवेल्हाळ
आणि कुराणातलं 'इल्यास'?

तळटीप
तोच संदेष्टा. ६:८५ मध्ये इतर नबींच्या नावांसोबत, आणि ३७:१२३ पासून बआलाच्या विरोधात उभा राहिलेला. शेवटचा 'स' बघितलात तर हे रूप हिब्रूहून ग्रीक 'एलियास'ला जवळचं. ३७:१३० मध्ये तेच नाव 'इल्यासीन' असं येतं, आजूबाजूच्या आयतींच्या यमकात बसणारं. केरळातल्या ख्रिस्ती घरांतलं 'एलियास', गोव्यातलं पोर्तुगीज वळणाचं 'एलियस', रशियन 'इल्या' ही सगळी त्याच झाडाची.

अलेफबेथ
लिहिताना कोणतं रूप घ्यावं, याबद्दल माझं मत. बायबलातल्या ओवीचा संदर्भ असेल तर 'एलीया', ली दीर्घ. यहुदी विधी किंवा बेने इस्राएल संदर्भ असेल तर 'एलियाहू'. इस्लामी संदर्भात 'इल्यास'. इंग्रजी पुस्तकातून उतरवताना 'एलिजा' मात्र नको. तो इंग्रजांचाही उच्चार नव्हे आणि हिब्रूंचाही. आणि बाळाच्या नावाच्या यादीत अर्थ द्यायचा असेल तर चार शब्द पुरतात : 'याह माझा देव आहे'.