ट्रॅकचे पॅड वर्षभर गाडीवर ठेवायचा सल्ला मला धोक्याचा वाटतो

वळणवेडा
'चौथा गिअर' यांनी परवा लिहिलं की स्पोर्ट्स कार असेल आणि महिन्या-दोन महिन्यांतून ट्रॅकवर जाणं होत असेल, तर ट्रॅक कंपाउंडचे, म्हणजे शर्यतीची उष्णता सोसणाऱ्या मटेरियलचे, ब्रेक पॅड लावून टाका, वर्षभर तेच ठेवा आणि विसरून जा. दर वेळी पॅड बदलणं हा रिकामा उद्योग आहे, असं त्यांचं म्हणणं. खाली बऱ्याच जणांनी 'पटलं' असं लिहिलं. मला अजिबात पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मी हेच करून बसलो होतो. ट्रॅकचा दिवस झकास गेला आणि मग आळसाने पॅड तसेच राहिले. आठवड्याभराने पहाटे पावसात निघालो. घर सोडून दोन मिनिटंही झाली नसतील, तोच सायकलवाला आडवा आला. वेग असेल चाळीसच्या आसपास. पेडल दगडासारखं घट्ट, मी पूर्ण जोर लावतोय आणि गाडी आपली पुढे जातेच आहे. वीतभर अंतर राहिलं तेव्हा थांबली. त्या माणसाचा चेहरा मी विसरलेलो नाही. त्याच संध्याकाळी पॅड काढले.

प्रत्येक पॅडचा तापमानाचा एक पट्टा असतो. रस्त्याचा पॅड थंड असतानाच पकडतो, पण तीन-चारशे अंशांपुढे हात टेकतो. ट्रॅकचा पॅड सहाशे-सातशे अंश सोसतो, पण त्यातले बरेचसे आधी चांगले तापावे लागतात, तोवर चावत नाहीत. आता हिशेब बघा. १४०० किलोची गाडी ताशी २०० वरून ८० वर आणायची, तर हवेचा आणि इंजिनाचा रोध सोडला तर साधारण १८ लाख ज्यूल उष्णता ब्रेकमध्ये जाते. जवळपास साडेपाच लिटर पाणी २० अंशांपासून उकळीला आणायला एवढी लागते, आणि इथे ती तीन-चार सेकंदांत, एका वळणाआधी. तीच गाडी रस्त्यावर ६० वरून थांबवली तर दोन लाखही होत नाहीत. एका पॅडने ही दोन्ही कामं सारखीच चांगली करावीत ही अपेक्षाच चुकीची आहे. दोन सेट ठेवा. सरावाने चारही चाकांचे पॅड दीड तासात बदलून होतात.

चौथा गिअर
माझं नाव घेऊन लिहिलंत, तर उत्तरही ऐका. तुम्ही कुठला पॅड लावला होता ते सांगितलंच नाही. छोट्या शर्यतींचे अगदी टोकाचे पॅड असतात, ते थंड असताना निकामी असतात हे मान्य. पण लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी बनवलेल्या पॅडमध्ये पहिल्या दाबाला पुरेशी पकड असते. मी पाच वर्षं असे पॅड रोज वापरतोय, पावसातही.

आणि दुसरी बाजू कोणी लिहीत नाही. कंपनीचे पॅड लावून मी पहिल्यांदा ट्रॅकवर गेलो तेव्हा तिसऱ्या लॅपला (ट्रॅकच्या फेरीला) ब्रेक संपले. पेडल कडक, पाय पूर्ण जोरात, गाडी सरळ मातीत. तेव्हापासून ठरवलं की चूक व्हायचीच असेल तर ती ४० च्या वेगाला होऊ दे, १८० ला नको.

शिवाय त्याच डिस्कवर (चाकाबरोबर फिरणारी चकती, जिला पॅड पकडतात) दर महिन्याला वेगळा पॅड घासला की डिस्क वाकडी होते. माझ्या मित्राची झाली. स्टिअरिंग असं थरथरायचं की हात सुन्न व्हायचे.

जुना पाना
'डिस्क वाकडी झाली' हे वाचलं की माझं डोकं उठतं. तीस वर्षं गॅरेजात हेच ऐकतोय. स्टिअरिंग थरथरतं, कोणीतरी सांगतं डिस्क वाकली, आणि चांगली डिस्क भंगारात जाते. मी डायल गेज, म्हणजे बारीक फरक दाखवणारं उपकरण, लावून मोजतो. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसतेच, तिच्यावर पॅडचं मटेरियल डागाडागांनी चिकटलेलं असतं, त्यामुळे जाडी एकसारखी राहत नाही. मिलिमीटरच्या शंभराव्या भागातले एक-दोन भाग, एवढ्या फरकानेही पेडल धडधडतं.

होतं कसं? ट्रॅकवरून तापलेले ब्रेक घेऊन गाड्या थांबायच्या जागी आत येतात आणि पेडलवर पाय रोवून उभे राहतात. पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. शेवटची लॅप ब्रेकला जवळजवळ हात न लावता काढा, आत आल्यावर पेडल सोडा, हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा, चाकाला अडण लावा. हे दर वेळी सांगतो, दर वेळी विसरतात.

शनिवारची लॅप
जुना पाना, तुमच्या अनुभवाचा आदर आहे, पण सगळ्यांना एका वाक्यात खोटं ठरवू नका. माझ्या गाडीला थरथर होती. डिस्क मशीनवर घासून आणली. पंधरा दिवसांत तीच थरथर परत. नुसतं चिकटलेलं मटेरियल असतं तर घासल्यावर गेलं असतं. मग वाकलीच म्हणायची ना?

जुना पाना
नाही, ताई. दोन शक्यता आहेत. एक, डिस्कचा तो डाग ६५०-७०० अंशांच्या वर तापला असेल, तर तिथलं बिडाचं लोखंड आतून बदलतं आणि कडक होतं. वरचा थर घासून काढला तरी कडक भाग खाली शिल्लक राहतो, आजूबाजूचं झिजतं, हा झिजत नाही, आणि उंचवटा परत येतो. अशी डिस्क फेकायचीच असते. दुसरी शक्यता जास्त वेळा दिसते: डिस्क जिथे हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, बसते तिथे गंजाची खपली. डिस्क तिरकी बसते, दर फेऱ्याला एकाच जागी पॅडला घासते आणि तिथे पातळ होत जाते. हब घासून साफ केला होता का?

शनिवारची लॅप
हब साफ करायचं मला कोणीही सांगितलं नव्हतं. पण ज्याने डिस्क काढून बसवली त्याला ते कळायला नको? दोनदा पैसे घेतले. दोन्ही वेळा सांगितलं, 'डिस्कच खराब आहे, ट्रॅकवर नेऊ नका.' मला रडू यायचं बाकी होतं.

चौथा गिअर
म्हणजे 'वाकडी' शब्द चुकला असेल, थरथर तर खरीच आहे! दोन कंपाउंड आलटून पालटून वापरले की डाग पडतात, हे तुम्हीच सिद्ध करताय. शब्दावरून मला खोटं पाडण्यात काय मिळतं?

जुना पाना
शब्दामुळेच लोक चुकीची वस्तू बदलतात, म्हणून बोलतो. तुम्हाला राग येत असेल तर येऊ दे. मात्र पॅड बदलल्यावर नीट बसवले नाहीत तर डाग पडतात, हे तुमचं बरोबर आहे. नवा पॅड जुन्या पॅडच्या थरावर आला की आठ-दहा वेळा १०० वरून २०-३० पर्यंत जोरात वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, मग ब्रेक न लावता थंड होईपर्यंत चालवायची. हे मोकळ्या, सुरक्षित जागी. ज्यांना एवढं करायचं नसेल त्यांनी डिस्कचाही वेगळा जोड ठेवावा.

मागचं चाक
डिस्कवर चाललंय ते चालू दे, पण तुम्ही सगळे पुढच्या पॅडवरच बोलताय. मी एकदा मागे जहाल पॅड लावले आणि पुढे कंपनीचेच ठेवले, कारण पुढचे नवे होते. ट्रॅकवर लांब सरळ रेषेच्या शेवटी ब्रेक मारला आणि मागचा भाग हलका होऊन बाजूला आला. गाडी दीड फेरी फिरली. मी वाचलो ते मोकळ्या जागेमुळे.

पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण कंपनीने ठराविक पकडीच्या पॅडवर बसवलेलं असतं. एबीएसही (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) त्याच हिशेबाने लावलेलं. युरोपात रस्त्यासाठी विकायच्या पॅडला आर-९० नावाचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात मूळ पॅडच्या तुलनेत कामगिरी १५ टक्क्यांच्या आतबाहेर राहावी अशी अट आहे. शर्यतीच्या पॅडला ते नसतंच. ही अट कोणी उगाच घातलेली नाही. चौथा गिअर, तुमचे पॅड चांगले असतीलही, पण 'लावून टाका' म्हणताना चारही चाकांबद्दल एक ओळ लिहायला हवी होती.

चौथा गिअर
चारही चाकांचं लिहायचं राहिलं, हे कबूल. बाकीचं नाही.

सावकाश
माझी तक्रार वेगळी आहे. माझ्याकडे ट्रॅकचे पॅड वर्षभर होते. थंड असताना प्रत्येक थांब्याला किंकाळी. आई गाडीत बसेनाशी झाली; म्हणायची, लोक वळून बघतात. चाकांवर काळी धूळ, एकदा पाणी मारून तशीच ठेवली तर लोखंडी कण गंजून रिमवर नारिंगी ठिपके बसले, ते कायमचे. थंड पॅडने डिस्कही इतकी खाल्ली की कडेला धार आली. ह्याला कोणी 'विसरून जावं' म्हणतं तेव्हा राग येतो. मी एक दिवसही विसरू शकलो नाही.

मला ट्रॅकवर वर्षातून दोनदाच जायचंय. कंपनीचे पॅड चालतील का, एवढंच सांगा.

वळणवेडा
दोनदाच, आणि दोन-तीन लॅप जोरात मग एक सावकाश असं करणार असाल, तर पहिल्या वेळी कंपनीच्या चांगल्या पॅडवर जाऊन बघा. पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक हवेत, पातळ पॅडमधून उष्णता थेट पॅड दाबणाऱ्या पिस्टनला जाते. पेडल कडक राहून गाडी थांबेना झाली तर पॅड तापलेत. पेडल मऊ होऊन खाली जायला लागलं तर ब्रेक ऑइल उकळलंय. दोन्हींत सरळ आत या.

मागचं चाक
हे ऑइलचं सगळ्यात वर हवं होतं. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नवं असताना २३० अंश, आणि पाणी ओढून घेतलेल्या ऑइलचा १५५. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतंच. दोन वर्षांचं ऑइल ठेवून वर कितीही भारी पॅड लावा, पेडल तळाला जाणारच. सावकाश, तुमच्यासाठी नवं ऑइल आणि ब्रेकच्या नळ्यांतून नीट काढलेली हवा, हे पॅडच्याही आधी.

शनिवारची लॅप
रविवारी दोन्ही हब तारेच्या ब्रशने स्वतः घासले, गंजाचा ढीग निघाला. नव्या डिस्क बसवल्या, नट पान्याने मोजून आवळले. आठवडा झाला, थरथर नाही. जुना पाना, मान्य करते. डिस्क वाकतच नाही हे मात्र एका गाडीवरून मी म्हणणार नाही.

जुना पाना
मीही 'बहुतेक वेळा' असंच लिहिलं होतं. दोनशे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

चौथा गिअर
मी काल पहाटे रिकाम्या आवारात गाडी रात्रभर उभी असताना लगेच ५० वरून थांबवली, सलग पाच वेळा. पहिल्या आणि पाचव्या थांब्यात जवळजवळ एका गाडीच्या लांबीचा फरक निघाला. टायरही थंड होते, तेवढा भाग सोडायला हवा. तरीही फरक मला वाटलं होतं त्याहून जास्त आहे. माझ्या लिखाणात 'पहिले दोन-तीन ब्रेक लांबून आणि जपून मारा' हे वाक्य घालतो. पॅड मी बदलणार नाही, मला माझी गाडी माहीत आहे.

वळणवेडा
मोजून बघितलंत त्याबद्दल आभार. पण माझा सायकलवाला पहिल्याच ब्रेकला आला होता. वीस जणांनी तुमचं वाचून पॅड लावलेत, त्यांना तो एक गाडीचा फरकही आकड्यासकट सांगा, एवढी विनंती आहे.

चौथा गिअर
आकडा घातला.

सावकाश
कंपनीचे नवे पॅड आणि ऑइल मागवलंय. पॅड मी स्वतः बसवणार आहे, पहिल्यांदाच. काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगा.

जुना पाना
पिस्टन मागे ढकलण्याआधी ऑइलची टाकी बघा. काठोकाठ असेल तर थोडं काढून घ्या, नाहीतर वरून सांडेल आणि गाडीचा रंग खाईल. कॅलिपर (पॅड आणि पिस्टन ज्यात असतात तो भाग) पाइपवर लोंबकळत ठेवू नका, तारेने वर बांधा. आणि सगळं झालं की गाडी जागेवरून हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, पहिले काही दाब तळाला जातात.