स्पाची रेस रात्री दहाला घ्या
भो, आपल्या सिम रेसिंगच्या (पीसीवर व्हील लावून खेळतो त्या रेसच्या) नवीन सीझनात स्पाची, म्हणजे बेल्जियमच्या ट्रॅकवरची, रेस संध्याकाळी सातला ठेवायचं चाललंय, पण मे महिन्यात जळगावला सातला बी खोली भट्टीच असते. मागच्या सीझनला पीसी तापून फ्रेम पडल्या, चित्र अडखळलं, अन स्पाच्या ओ रूजच्या चढावर गाडी सरळ भिंतीत, घामाने हात व्हीलवरून सटकत होते ते वेगळंच. दहाला घ्या ना, जेवणं बी उरकतात तोवर.

अन पहिल्या वळणाला, ला सोर्सला, जरा सबुरीने घ्या रे सगळ्यांनी, तिथं ठोकली की मोडकी गाडी घेऊन ७ किलोमीटर रखडत यावं लागतं तेव्हा कुठे पिट (गाडी दुरुस्त करायची जागा) येतो. क्वालिफायिंग (रेसला कोण पुढे उभं राहणार ते ठरवायची फेरी) १५ मिनिटं तरी पाहिजे, जीटी३ ला (रेसच्या स्पोर्ट्स कारला) एक लॅपच सव्वादोन मिनिटांच्या वर जातो, दहात काय होतंय.