शब्दचर्चा : तिबेटबाबत ‘चर्चा’, ‘बोलणी’ की ‘वाटाघाटी’?

विचारणा : २००२ ते २०१० या काळात दलाई लामांचे प्रतिनिधी आणि चीन सरकार यांच्यात ज्या बैठका झाल्या, त्यांना मी भाषांतरात ‘वाटाघाटी’ म्हटलं. संपादकांनी खोडून ‘चर्चा’ केलं. बरोबर कोण?

— दोघंही नाही. चर्चा काय, कट्ट्यावरही होते. आणि वाटाघाटी म्हटलं की दोन्ही बाजू एकमेकांना पक्षकार मानतात आणि काहीतरी देणं-घेणं चाललंय, असं गृहीत धरलं जातं. इथे तेच नव्हतं. लोदी ग्यारी आणि केल्सांग ग्याल्त्सेन नऊ फेऱ्या बसले, पण बीजिंगच्या लेखी ते दलाई लामांचे खासगी प्रतिनिधी, आणि विषय एकच : दलाई लामांचं स्वतःचं भवितव्य. धरमशाला, म्हणजे तिथलं निर्वासित तिबेटी प्रशासन, म्हणत होती, प्रश्न साठ लाख तिबेटींचा आहे. एक घर याद्या करायला बसलंय आणि दुसरं म्हणतंय आम्ही नुसते चहाला आलोय, असा तो प्रकार. मी ‘बोलणी’ लिहीन. बोलणी रेंगाळतात, फिसकटतात, त्यातून काही निघायलाच हवं असं नाही.

— असहमत. २००८च्या आठव्या फेरीत तिबेटी बाजूने लेखी निवेदन ठेवलं. भाषा, धर्म, शिक्षण, पर्यावरण, बाहेरून येणाऱ्या लोकसंख्येवर नियंत्रण असे अकरा विषय, तेही चिनी घटनेच्या चौकटीत. एवढं कागदावर आल्यावर वाटाघाटी नाही तर काय?

— समोरून उलट मसुदा आला का? नाही. ‘छुपं स्वातंत्र्य’ म्हणून निवेदन फेटाळलं गेलं. खरी गोम ‘तिबेट’ या शब्दातच आहे. चीनसाठी तिबेट म्हणजे १९६५ साली स्थापन केलेला स्वायत्त प्रदेश. तिबेटींसाठी उ-त्सांग, खाम आणि आम्दो हे तिन्ही पारंपरिक प्रदेश. यातला आम्दो आणि खामचा बराच भाग आज छिंगहाय, सिच्वान, कान्सू, युन्नान या प्रांतांत मोडतो. निवेदनाने हे सगळं एका प्रशासनाखाली मागितलं. त्यामुळे ‘तिबेटला स्वायत्तता’ असं मोघम लिहू नका. कुठल्या तिबेटला, तेही लिहा.

— जाता जाता : आपली वर्तमानपत्रं सर्रास ‘दलाई लामांची स्वातंत्र्याची मागणी’ छापतात. ते चूक आहे. स्वातंत्र्य म्हणजे ‘रांगझेन’, ती मागणी तिबेटी युवक काँग्रेस या निर्वासितांच्या संघटनेची. दलाई लामांचा ‘उमे लाम’, म्हणजे मध्यम मार्ग, चीनमध्येच राहून स्वायत्तता मागतो. त्यांच्या १९८८च्या स्ट्रासबर्ग प्रस्तावातही परराष्ट्र व्यवहार चीनकडेच ठेवले होते.

विचारणा : पटलं, ‘बोलणी’ ठेवते. आणि ब्रिटिश कागदांतल्या ‘सुझरेंटी’ला ‘मांडलिकत्व’ चालेल?

— नको. मांडलिकत्व तिबेटचं, ब्रिटनने मान्य केली होती ती चीनची ‘अधिसत्ता’, म्हणजे पूर्ण मालकी नव्हे, नुसता वरचा हक्क. एकाच नात्याची ही दोन टोकं, वाक्याचा कर्ता बघून शब्द निवडा. ‘सार्वभौमत्व’ तर अजिबात नको, कारण त्या काळी लंडनने मुद्दाम तो शब्द टाळून हा वापरला होता. २९ ऑक्टोबर २००८ला, आठव्या फेरीच्या अगदी तोंडावर, ब्रिटनने अधिसत्तेची भूमिका कालबाह्य म्हणून सोडली आणि तिबेट चीनचा भाग असल्याचं सरळ मान्य केलं. तुमचा कागद त्या तारखेच्या अलीकडचा की पलीकडचा, ते आधी बघा.