सर्व्हर ऐरोलीत, पण किल्ली कुणाकडे?

आपले ईमेल, फाइली जिथे साठतात ती डेटा सेंटरं नवी मुंबईत ऐरोली-महापेत आहेत, मग परदेशातल्या भांडणांची झळ आपल्याला कशी लागेल, असं या चर्चेत वर विचारलंय. सर्व्हर कुठे आहे यापेक्षा आपलं ऑनलाइन खातं कोण बंद करू शकतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाचे रशियाविरोधी निर्बंध आल्यावर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीची सेवा थांबवली. रोसनेफ्ट या रशियन तेल कंपनीची भागीदारी असली तरी कंपनी भारतात नोंदलेली, सेवेचे पैसे भरलेले. दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यानंतर सेवा सुरू झाली. तुमच्या-माझ्यावर असे निर्बंध येणार नाहीत, पण दुसऱ्या कशाने खातं बंद झालं, तर कोर्टात जायची ऐपतही आपली नाही.

बॅकअपबद्दल वर बरंच आलंय, ते पुन्हा लिहीत नाही. एक गोष्ट मात्र राहिली. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद होते, आणि ती उघडायची ४८ अंकी रिकव्हरी की (किल्ली) त्याच खात्यात साठते. खातं गोठलं आणि नेमकी तेव्हाच विंडोजने ही किल्ली मागितली, तर घरातला लॅपटॉपही उघडणार नाही. आजच ती कागदावर उतरवून कपाटात ठेवा, फोन हाताशी नसताना लॉगिनला लागणारे जीमेलचे बॅकअप कोडही तिथेच.

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीची इतिवृत्तं, सभासदांची यादी, हिशेब, सगळं एकाच गूगल ड्राइव्हवर आहे. त्याची प्रत हार्ड डिस्कवर घ्यावी म्हणून मी सेक्रेटरींच्या मागे लागलोय. तुमच्याकडे कुणी अशी सोय केली असेल, तर डिस्क कुणाच्या ताब्यात ठेवता ते जरूर लिहा.